एका लायब्ररीला नमपाय १ हवं, दुसरीला २. पॅकेज मॅनेजर ऐकतो तरी कोणाचं?

मोडीची_ट्रंक (इंदूर) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार. एरवी मी मोडी लिपीचे धागे वाचत असते, तांत्रिक विभागात पहिल्यांदाच लिहिते आहे.

आमच्या रामबागेतल्या घरी पणजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. ते होळकरांच्या दरबारी कारकून होते. ट्रंकेत मोडीतली दोन-अडीचशे पत्रं आहेत आणि आता घरात ती वाचणारं कोणी उरलं नाही. एमसीएच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मी त्या पत्रांचे स्कॅन वाचणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिते आहे. त्यात दोन लायब्ररी लागतात. एक स्कॅनवरचे डाग, वाळवीची भोकं, पाठीमागून उतरलेली शाई साफ करते. तिला इथे 'सफाई' म्हणते. दुसरी अक्षरं ओळखते, ती 'ओळख'.

दोघी एकेकट्या छान चालतात. एकत्र बसवायला गेलं की अडतं. दोघींना नमपाय लागतं, म्हणजे पायथनची आकड्यांच्या तक्त्यांवर काम करणारी लायब्ररी. सफाईला नमपाय २ च्या खालचं हवं, ओळखच्या नव्या आवृत्तीला २ किंवा त्याच्या वरचं.

पिपला (पायथनचा पॅकेज मॅनेजर, म्हणजे लायब्ररी उतरवून बसवणारा प्रोग्राम) दोन्ही एकदम बसवायला सांगितलं, तर तो तासभर ओळखच्या जुन्या, आणखी जुन्या, त्याहून जुन्या आवृत्त्या उतरवत राहिला. शेवटी सी कंपायलर (सी भाषेतला कोड मशीनसाठी तयार करणारा प्रोग्राम) सापडत नाही असं लाल अक्षरांत लिहून थांबला. कंपायलर मी मागितलाच नव्हता. वर्गातला एक जण म्हणाला, डिपेंडन्सी (कोणाला कोणती लायब्ररी लागते ते) तपासूच नको म्हणून सांग आणि जबरदस्तीने बसव. तसं बसलं, पण चालवायला गेले तर इम्पोर्टच्या, म्हणजे लायब्ररी आत घेण्याच्या ओळीवरच कोसळलं.

माझे दोन प्रश्न आहेत. दोन्ही नमपाय शेजारी-शेजारी का ठेवता येत नाहीत? मैत्रिणीच्या जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात एकाच पॅकेजच्या तीन आवृत्त्या सुखाने राहतात. आणि पिप असा मागे-मागे का जात होता? शनिवारी सादरीकरण आहे.

गंजकर (इंदूर) | सोमवार, रात्री १०:४०

ताई, स्नेहलतागंजातून नमस्कार. जावास्क्रिप्टपुरतं सांगतो, पायथनचं जाणकार सांगतील.

नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) प्रत्येक पॅकेजला स्वतःचा नोड-मॉड्यूल्स फोल्डर असू शकतो. एखादं पॅकेज काही मागतं तेव्हा नोड आधी त्याच्याच घरात बघतो, नाही सापडलं तर एक पायरी वर, मग आणखी वर. त्यामुळे अ ला जुनी आणि ब ला नवी प्रत देता येते. पूर्वी एनपीएम (नोडचा पॅकेज मॅनेजर) सगळंच एकात एक कोंबायचा. विंडोजवर फाइलचा पत्ता २६० अक्षरांच्या पुढे जायचा आणि फोल्डर पुसताही यायचा नाही. २०१५ मध्ये एनपीएम ३ आला तेव्हापासून जमेल तेवढं वरच्या मजल्यावर सपाट मांडतात आणि भांडण असेल तिथेच आत वेगळी प्रत ठेवतात.

पण तीन आवृत्त्या सुखाने राहतात, हे नेहमीच खरं नसतं. रिअ‍ॅक्टच्या (वेब पानं बांधायची लायब्ररी) दोन प्रती एका पानावर आल्या की हुक्स (तिची एक सोय) मोडतात, कारण एका प्रतीला दुसरीच्या आतलं काहीच ठाऊक नसतं. म्हणूनच पीअर डिपेंडन्सी हा प्रकार आहे. पॅकेज म्हणतं, मला रिअ‍ॅक्ट हवं, पण माझं वेगळं नको, घरातलंच द्या. २०२० मध्ये एनपीएम ७ ने या अटी कडक केल्या आणि तेव्हापासून ईरिझॉल्व्हची (अटी जुळत नाहीत अशी) चूक घरोघरी दिसायला लागली. लोक जुन्या पद्धतीचा पर्याय लावून ती गप्प करतात. मीही केली आहे, आणि दोन आठवड्यांनी त्याच जागी परत येऊन बसलो आहे.

लोकमान्य_काका (इंदूर) | मंगळवार, सकाळी ७:०५

बाळा, सकाळच्या चहाबरोबर तुझा धागा वाचला. प्रश्न चांगले विचारलेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पहिला प्रश्न. आमच्या कॉलनीत गणपतीत पंगत बसते. वरणाचं पातेलं एकच. अर्ध्या लोकांना लसूण हवा, अर्ध्यांना नको. एकच पातेलं असेल तर कोणाचं तरी ऐकावं लागतं किंवा पंगत रद्द होते. दोन पातेली ठेवायची सोय असेल तर भांडणच उरत नाही. पायथनमध्ये पातेलं एक आहे. चालू प्रोग्राममध्ये 'नमपाय' या नावाने एकच मॉड्यूल नोंदवलं जातं. पहिल्या इम्पोर्टला जे आलं, तेच पुढे सगळ्यांना मिळतं. नोडमध्ये पातेली अनेक. म्हणजे दोन आवृत्त्या एकत्र नांदतील की नाही, हे पॅकेज मॅनेजर ठरवत नाही, ते भाषेने आधीच ठरवलेलं असतं. मॅनेजर त्या चौकटीत राहून शोधतो.

पायथननेही मग दोन पातेली ठेवावीत, असं तुला वाटेल. नमपायच्या बाबतीत ते फार अवघड आहे. सफाई नमपायची अ‍ॅरे (आकड्यांचा तक्ता) तयार करते आणि तू ती ओळखच्या हातात देतेस. एका नमपायने घडवलेली वस्तू दुसऱ्या नमपायला ओळखूच येणार नाही. रस्ट भाषेत कार्गो (तिचा पॅकेज मॅनेजर) एकाच क्रेटच्या (पॅकेजच्या) १ आणि २ अशा दोन मोठ्या आवृत्त्या खरोखर एकत्र बसवतो, आणि तिथे नेमकं हेच घडतं. कंपायलर म्हणतो, अमुक प्रकार अपेक्षित होता, मिळाला तोही अमुकच, बहुधा तुम्ही एका क्रेटच्या दोन आवृत्त्या वापरता आहात. नाव तेच, घराणं वेगळं. मात्र १.२ आणि १.५ अशा मागण्या आल्या तर कार्गो दोन प्रती ठेवत नाही, दोघींना चालेल अशी एकच निवडतो.

आता तुझं जबरदस्तीने बसवलेलं का कोसळलं ते. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं आणि त्यात सीच्या पातळीवरची आतली मांडणी बदलली. सफाईचा जो भाग आधीच कंपाइल होऊन येतो, तो जुन्या मांडणीवर विसंबून असतो. त्याच्या हिशोबाने अमुक खणात अमुक वस्तू असायला हवी, आणि आता तिथे दुसरंच काही आहे. २ च्या खालचं हवं ही अट त्या लायब्ररीवाल्यांनी हौसेने लिहिलेली नाही. उलट दिशेला मात्र सोय आहे. २.० वर कंपाइल केलेला भाग १ मालिकेतल्या नमपायवरही चालू शकतो. ओळखवाल्यांनी तशी सोय ठेवली आहे का, ते बघ.

दुसरा प्रश्न, मागे-मागे जाण्याचा. नोव्हेंबर २०२० मध्ये पिप २०.३ आला. त्याच्या आधीचा पिप एखाद्या पॅकेजबद्दलची जी अट पहिली दिसेल ती धरायचा. नंतरची अट विरोधात गेली तरी तो पुढेच जायचा, फार तर एक सूचना छापायचा. बसायचं सगळं, पण मोडकं. नव्या पिपने तसं करणं सोडलं. तो ओळखची सर्वात नवी आवृत्ती धरतो, तिच्या मागण्या वाचतो. नमपायवर भांडण दिसलं की ती आवृत्ती सोडतो, तिच्या आधीची धरतो आणि पुन्हा बघतो. चक्रव्यूहात वाट बंद झाली की शेवटच्या वळणापर्यंत मागे यायचं, तसं. याला बॅकट्रॅकिंग म्हणतात.

आता वेळ का लागतो? एखाद्या आवृत्तीला काय हवं, हे कळण्यासाठी पिपला पुष्कळदा ती फाइलच उतरवावी लागते, कारण मागण्यांची यादी फाइलच्या आत असते. २०२३ पासून पायपीआय (पायथन पॅकेजांचं भांडार) तयार व्हीलची (आधीच बांधून ठेवलेल्या फाइलींची) यादी वेगळी देऊ लागलं, त्यामुळे पुष्कळ फरक पडला. पण जी आवृत्ती फक्त सोर्सच्या (न बांधलेल्या मूळ कोडच्या) रूपात आहे, तिची यादी कळायला कधी कधी बांधकामच सुरू करावं लागतं.

इथेच मला तुझ्या कंपायलरच्या चुकीबद्दल शंका येते. तुझा पायथन कितवा, आणि मशीन कोणतं?

मोडीची_ट्रंक (इंदूर) | मंगळवार, सकाळी ९:३०

काका, पातेल्याने डोक्यात प्रकाश पडला. पायथन ३.१३, विंडोज. लॅपटॉप नवा घेतला तेव्हा सर्वात नवा तोच दिसला, म्हणून तोच टाकला.

लोकमान्य_काका (इंदूर) | मंगळवार, सकाळी ९:५२

सापडलं! भांडण दोघींचं नाही, तिघांचं आहे.

नमपाय १ मालिकेतली शेवटची शाखा १.२६. तिची तयार व्हीलं पायथन ३.९ ते ३.१२ साठीच आहेत. ३.१३ साठी तयार नमपाय मिळतं ते २.१ पासून. पिपने तासभर मागे जाऊन ओळखची अशी जुनी आवृत्ती शोधली असणार, जिला जुनं नमपाय चालतं. सफाईही खूश झाली. मग तो नमपाय १.२६ आणायला गेला, ३.१३ चं व्हील दिसलं नाही, म्हणून सोर्स घेऊन स्वतःच बांधायला बसला. त्यासाठी सी कंपायलर हवा. तो नाही, म्हणून लाल अक्षरं.

पायथनची आवृत्ती हीसुद्धा एक अट आहे. ती कोणी यादीत लिहीत नाही, म्हणून नजरेआड राहते. पायथन ३.१२ टाक, नवं एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पाची पॅकेजं बसवायची वेगळी जागा) कर, ओळखची जुनी आवृत्ती घे. शनिवारच्या आत होईल.

लष्करवाला (ग्वाल्हेर) | मंगळवार, दुपारी २:१५

ग्वाल्हेरहून रामराम. मी जावावाला. पातेलं आमच्याकडेही एकच आहे, पण मेवेन (जावाचा पॅकेज मॅनेजर) भांडण सोडवतो त्याची तऱ्हा वेगळी. तो शोधतच बसत नाही. डिपेंडन्सीच्या झाडात जी मागणी मुळाच्या जवळ, ती जिंकते. दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर जी आधी लिहिली ती. बाकीच्यांना ते चालेल की नाही, हे विचारत नाही. ग्रेडल हा जावाचाच दुसरा मॅनेजर, तो साधारणपणे सर्वात नवी आवृत्ती घेतो.

मी आधी जिथे नोकरीला होतो तिथे एकाने एक छोटी लायब्ररी थेट यादीत जोडली. ती मुळाच्या जवळ आल्यामुळे तिने आणलेली एक जुनी आवृत्ती जिंकली आणि खोलवरची नवी हरली. कंपाइल झालं, चाचण्या पार पडल्या. पगाराच्या दिवशी संध्याकाळी एक क्वचित वापरातला रस्ता चालला आणि मेथड सापडत नाही म्हणून सगळं बंद पडलं. रात्री दोनपर्यंत आम्ही आमच्याच कोडमध्ये चूक शोधत होतो. शेवटी डिपेंडन्सीचं झाड छापलं तेव्हा पाच मिनिटांत दिसलं. त्यामुळे पोरी, तुझ्या पिपने तुला अडवलं हे मला चांगलं वाटतं. बसवताना अडवलेलं परवडतं.

गो भाषेचंही थोडं सांगतो, हल्ली तेच वापरतो. गोमध्ये प्रत्येक मॉड्यूल फक्त किमान सांगतं, मला निदान १.४ हवं. वरची मर्यादा सांगायची सोयच नाही. मग सगळ्यांच्या किमानांतलं सर्वात मोठं घ्यायचं, झालं. कोणी १.४ म्हणालं, कोणी १.६ म्हणालं, तर १.६. बाहेर १.९ आलेलं असलं तरी ते आपोआप आत येत नाही. आणि मोठा बदल करून २ काढायचं असेल तर इम्पोर्टच्या पत्त्यातच व्ही२ लिहावं लागतं, म्हणजे ते वेगळंच मॉड्यूल ठरतं. २०१८ मध्ये गोच्या संघातल्या रस कॉक्स यांनी हे मांडलं आणि त्याच वर्षी गो १.११ मध्ये ते प्रयोग म्हणून आलं.

मोडीची_ट्रंक (इंदूर) | मंगळवार, दुपारी ४:०३

लष्करवाले दादा, मग सगळेच गोसारखं का करत नाहीत? इतकं सोपं असेल तर पिपने तासभर का शोधायचं?

सुरसागरकाठी (बडोदे) | मंगळवार, रात्री ९:२०

या प्रश्नावर मी बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून उत्तर देतो.

प्रत्येक पॅकेजची प्रत्येक आवृत्ती म्हणजे एक हो-नाहीचा प्रश्न समज. घ्यायची की नाही? मग अटी लिही. ओळख ३ घेतलं तर नमपाय २.० किंवा २.१ किंवा २.२ यांपैकी एक हवं. सफाई घेतली तर ते तिन्ही नकोत. नमपायच्या दोन आवृत्त्या एकदम नकोत. आता सगळ्या अटी पाळणारी उत्तरं शोध. हे तर्कशास्त्रातलं सॅट कोडं झालं, आणि ते एनपी-पूर्ण आहे, म्हणजे प्रत्येक वेळी झटपट सुटेल अशी रीत कोणालाही माहीत नाही. लिनक्सच्या पॅकेजांबाबत युरोपातल्या इडॉस प्रकल्पाने हे २००० च्या दशकातच दाखवलं होतं. रस कॉक्स यांनी २०१६ मध्ये ते अगदी मोजक्या गृहीतकांवर मांडलं. आवृत्तीनुसार मागण्या बदलतात, मागणीत नेमक्या आवृत्त्या सांगता येतात, आणि एका वेळी एका पॅकेजची एकच आवृत्ती बसते. एवढ्यानेच कोडं अवघड होतं.

आता गंमत बघ. एनपीएमने 'एकच आवृत्ती' हे गृहीतक सोडलं, कोडं सोपं झालं. गोने 'ही आवृत्ती नको' म्हणायची मुभा सोडली, कोडं सोपं झालं. पायथनने दोन्ही ठेवलं आहे, म्हणून त्याला शोधावं लागतं. आणि गोची सोय फुकट नाही. जुन्या आवृत्तीवर चालणारं सगळं नव्या आवृत्तीवरही चालत राहील, हे लेखकांनी पाळायला हवं. लायब्ररीवाल्याने १.६ मध्ये काही मोडलं तर गो तुला वाचवत नाही.

अवघड आहे म्हणून हात टेकायची गरज नसते. ओपनसुसे या लिनक्सने २००८ मध्येच सॅट सॉल्व्हर (अशी कोडी सोडवणारा प्रोग्राम) आणला, पीएचपीचा पॅकेज मॅनेजर कंपोझर त्याच वाटेने गेला, पायथनवाल्यांच्या कोंडाने २३.१० पासून लिबमांबा हा तसाच सॉल्व्हर धरला. मला सर्वात आवडतो तो पबग्रब. नॅटली वाइझेनबाम यांनी तो डार्ट भाषेसाठी २०१८ मध्ये मांडला. साधं बॅकट्रॅकिंग एका आवृत्तीवर अडलं की तिच्या आधीची घेऊन तीच धडक पुन्हा मारतं. पबग्रब अडला की अडण्याचं कारण काढून लिहून ठेवतो. ओळखच्या ३.० पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांना नमपाय २ लागतं, सफाईला ते चालत नाही, म्हणून सफाई असेपर्यंत त्यातली एकही पुन्हा बघायची नाही. आणि उत्तर नसेल तेव्हा याच नोंदी जोडून, कशामुळे काय अशक्य आहे, ते वाक्यावाक्याने सांगतो. पायथनमधलं यूव्ही आणि पोएट्री, रुबीचा बंडलर २.४, हे सगळे पॅकेज मॅनेजर याच कुळातले. तुझी यादी यूव्हीला देऊन बघ. उत्तर मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर निदान कारण वाचायला मिळेल.

काकांच्या उपायावर मात्र माझा थोडा आक्षेप आहे. ओळखची जुनी आवृत्ती घेतल्यावर तुझं शिकवलेलं मॉडेल (अक्षरं ओळखायला शिकवून ठेवलेली फाइल) तिला वाचता येईल का? ते आधी तपास.

मोडीची_ट्रंक (इंदूर) | बुधवार, दुपारी १:१०

तपासलं. वाचता येत नाही. मॉडेल नव्या आवृत्तीत शिकवलं होतं, फाइलची रचनाच वेगळी आहे. पुन्हा शिकवायचं तर कॉलेजचं मशीन तीन दिवस लागेल आणि तेवढा वेळ नाही.

पायथन ३.१२ टाकल्यावर बाकी सगळं काका म्हणाले तसंच बसलं. एकही कंपायलर न मागता.

सुरसागरकाठी (बडोदे) | बुधवार, दुपारी १:४५

मग मला सांग, सफाई आणि ओळख एका प्रोग्राममध्ये असायलाच हव्यात का? सफाईतून काय बाहेर पडतं?

मोडीची_ट्रंक (इंदूर) | बुधवार, दुपारी १:५८

साफ केलेलं चित्र. सध्या अ‍ॅरे थेट ओळखला देते.

सुरसागरकाठी (बडोदे) | बुधवार, दुपारी २:०६

ते चित्र पीएनजी म्हणून डिस्कवर ठेव. सफाईचं एन्व्हायर्नमेंट वेगळं, पायथन ३.१२ आणि नमपाय १.२६.४. ओळखचं वेगळं, पायथन ३.१३ आणि नमपाय २. पहिला प्रोग्राम फोल्डर भरतो, दुसरा तिथून उचलतो. काकांच्या भाषेत, दोन चुली, दोन पातेली. पीएनजीला नमपायची आवृत्ती माहीत नसते. अडीचशे पत्रांना डिस्कचा वेळ जाणवणारही नाही.

लोकमान्य_काका (इंदूर) | बुधवार, दुपारी ३:३०

बडोदेकरांचं बरोबर आहे. मॉडेलचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. असंच कर.

दोन्हीकडे लॉक फाइल मात्र आजच बनव. तुझ्या यादीत 'नमपाय २ च्या खालचं' असं लिहिलेलं आहे, ती झाली मागणी. आज प्रत्यक्ष काय बसलं, आतल्या-आतल्या पॅकेजांसह नेमका आकडा, तो लॉक फाइलमध्ये जातो. शनिवारी कॉलेजच्या मशीनवर रिझॉल्व्हरने (पॅकेज मॅनेजरमधला आवृत्त्या शोधणारा भाग) नव्याने शोध घेता कामा नये. मधल्या दोन दिवसांत कोणी नवी आवृत्ती काढली तर वेगळंच उत्तर येईल.

गंजकर (इंदूर) | बुधवार, संध्याकाळी ६:१५

एक शंका. सफाईवाल्यांनी वरची मर्यादा घातली म्हणूनच हे सगळं झालं ना? लायब्ररीने अशी मर्यादा घालावी का?

लष्करवाला (ग्वाल्हेर) | बुधवार, रात्री ८:४०

मोडतं हे माहीत असेल तर घालावी. इथे माहीत होतं. उद्या कदाचित मोडेल या भीतीने घातलेली मर्यादा मात्र जाचक. पायथनसारख्या एका पातेल्याच्या भाषेत ती वापरणाऱ्या प्रत्येकाला बांधून ठेवते, आणि सुरक्षेची दुरुस्ती मर्यादेच्या पलीकडच्या आवृत्तीत आली तर तीही अडते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जेचं (जावाची नोंदी लिहिणारी लायब्ररी) सुरक्षेचं भोक उघडं पडलं तेव्हा आम्ही कुठे-कुठे कोणती आवृत्ती अडकली आहे ते शोधत रात्री काढल्या. आमच्यापैकी कोणी लॉग४जे थेट मागितलंही नव्हतं, दुसऱ्याच्या पाठीवर बसून आलं होतं.

सुरसागरकाठी (बडोदे) | बुधवार, रात्री ९:०५

सहमत. अंतिम अ‍ॅप्लिकेशनने आकडे घट्ट बांधावेत, लायब्ररीने सैल ठेवावेत.

मोडीची_ट्रंक (इंदूर) | शुक्रवार, रात्री ११:२०

झालं. दोन एन्व्हायर्नमेंट, मध्ये एक फोल्डर, दोन लॉक फाइली. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर आज शून्यापासून बसवून बघितलं. दोन्ही मिळून चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

यूव्हीला माझी जुनी यादीही देऊन बघितली, पायथन ३.१३ आणि ओळखची नवी आवृत्ती पक्की धरून. काही सेकंदांत त्याने उत्तर नाही म्हणून सांगितलं, आणि सफाईला काय हवं, ओळखला काय हवं, म्हणून दोघी एकत्र का बसत नाहीत, हे ओळीने लिहिलं. सोमवारी मला हेच वाचायला मिळालं असतं तर मी एवढी रडकुंडीला आले नसते. ते पान छापून प्रकल्पाच्या वहीत लावलं आहे.

आज पहिल्यांदा एक पूर्ण पत्र सलग वाचून झालं. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, त्यामुळे अक्षरं ओळखली तरी शब्द आजीबरोबर बसून तोडावे लागले. पणजोबांनी घरी कळवलं आहे की पाऊस लांबला आहे, बैल विकू नका. आजीने ती ओळ तीनदा वाचायला लावली.

पत्राच्या खालच्या कोपऱ्यात एक चिन्ह आहे, ते ओळखला जमलं नाही. त्याचा स्कॅन मोडीच्या धाग्यावर टाकते आहे. तिथे कोणी असाल तर बघा.